चूळ भरली म्हणजे विषाणू गेला का?

सर्दी-तापाची साथ आली की माउथवॉश, गुळण्या, काढे आणि वाफ यांविषयी पत्रं येऊ लागतात. यातले काही उपाय खरोखर आराम देतात, काही निरुपद्रवी आहेत आणि दोन-तीन धोक्याचे आहेत. निवडक प्रश्नांची उत्तरं पुढे देत आहोत.

प्रश्न : माउथवॉशच्या बाटलीवर ‘९९.९ टक्के जंतू मारतो’ असं छापलेलं असतं. मग दिवसातून चार वेळा चूळ भरली तर फ्लू किंवा कोरोना टळेल का? (वाचक, सांगली)

नाही टळणार. त्या आकड्यातले ‘जंतू’ हे बहुतेक वेळा तोंडातले जीवाणू असतात, म्हणजे दातांवरचा थर आणि दुर्गंधी निर्माण करणारे. विषाणूंवरही प्रयोगशाळेत चाचण्या झाल्या आहेत आणि त्यांचे काही निकाल चांगले आहेत. फ्लू आणि कोरोना या दोन्ही विषाणूंवर स्निग्ध पदार्थाचं पातळ आवरण असतं. पोव्हिडोन आयोडीन (बिटाडीनमधलं औषध) किंवा सेटिलपिरिडिनियम क्लोराइड (बाटलीवर ‘सीपीसी’) परीक्षानळीत ३० सेकंद त्या विषाणूत मिसळून ठेवलं की हे आवरण फाटतं आणि विषाणू निकामी होतो.

माणसाचं तोंड मात्र परीक्षानळीसारखं बंद नसतं. हे विषाणू मुख्यतः नाकात, नाकामागच्या पोकळीत, घशात आणि पुढे श्वसनमार्गाच्या पेशींमध्ये शिरून वाढतात. चूळ पडजिभेच्या अलीकडेच थांबते. गुळणी थोडी मागे जाते, पण नाकामागे पोचत नाही. शिवाय पेशीच्या आत शिरलेल्या विषाणूला बाहेरून आलेलं औषध शिवतही नाही आणि बाधित पेशी नवे विषाणू बाहेर टाकतच राहतात. लाळही दिवसाला अर्धा ते दीड लिटर नव्याने तयार होते. त्यामुळे चूळ भरल्यावर लाळेतले विषाणू थोडा वेळ कमी होतात आणि मग पुन्हा पहिल्यासारखे. दंतवैद्य उपचारापूर्वी चूळ भरायला लावतात, ती या थोड्या वेळापुरतीच उपयोगाची असते. ड्रिल चालू असताना उडणाऱ्या तुषारांत जंतू कमी असावेत, एवढाच तिचा हेतू.

आणखी एक गोष्ट. साध्या सर्दीला सर्वाधिक जबाबदार असलेल्या ऱ्हायनोव्हायरसला हे स्निग्ध आवरणच नसतं, त्यामुळे अल्कोहोलचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. तसंही हाताच्या सॅनिटायझरमध्ये किमान ६० टक्के अल्कोहोल लागतं. माउथवॉशमध्ये ते असलंच तर २०-२५ टक्क्यांच्या आसपास, आणि बऱ्याच माउथवॉशमध्ये अजिबात नसतं.

प्रश्न : औषधाच्या दुकानात विचारलं की कधी क्लोरहेक्सिडीन देतात, कधी बिटाडीन. फरक काय? घरात जखमेसाठी आणलेलं बिटाडीन पाण्यात घालून गुळणी केली तर चालेल का? (वाचक, नाशिक)

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ही चूक सर्रास होते. जखमेसाठीचं द्रावण साधारण ५ किंवा १० टक्क्यांचं असतं आणि हात धुण्याच्या ‘स्क्रब’मध्ये साबणासारखा फेसाळ पदार्थही असतो. दोन्ही तोंडासाठी नाहीत. गुळणीची बाटली वेगळी मिळते, ती आपल्याकडे बहुधा २ टक्क्यांची असते आणि तिच्यावर ‘गार्गल’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. १० मिली औषधात तेवढंच पाणी घालायचं, ३० सेकंद घशात खुळखुळवायचं आणि थुंकायचं. दिवसातून जास्तीत जास्त चार वेळा आणि सलग १४ दिवसांच्या पुढे नाही. थायरॉईडचा आजार असलेल्यांनी, गर्भवती व स्तनपान देणाऱ्या स्त्रियांनी आणि आयोडीनची ॲलर्जी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. सहा वर्षांखालच्या मुलांना तर देऊच नये. तोंडाच्या आतल्या त्वचेतून आयोडीन शरीरात जातं, म्हणून ही पथ्यं.

क्लोरहेक्सिडीन (सहसा ०.२ टक्के) हिरड्या सुजल्यावर किंवा दात काढल्यानंतर दिलं जातं. जीवाणूंवर ते जोरदार आहे, विषाणूंवर त्या मानाने दुबळं. सर्दीसाठी ते विकत घेण्यात अर्थ नाही. दंतवैद्यांनी दिलंच असेल तर १० मिली, ३० सेकंद, दिवसातून दोनदा. टूथपेस्टमधल्या फेसकारक पदार्थामुळे ते निष्प्रभ होतं, म्हणून ब्रश आणि चूळ यांत अर्धा तास जाऊ द्यावा. बहुतेक जण ब्रश झाल्या झाल्या चूळ भरतात आणि औषध वाया घालवतात. आठवडा-दोन आठवड्यांहून जास्त वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात, चहाबाजांच्या दातांवर अधिक. चवही बिघडते. हे डाग घरी घासून जात नाहीत, दंतवैद्याकडून स्वच्छ करून घ्यावे लागतात.

प्रश्न : मग मिठाच्या गुळण्यांचा तरी उपयोग आहे का? आमच्या सासूबाई पेलाभर पाण्यात दोन चमचे मीठ आणि हळद घालतात. घसा उलट जास्त चरचरतो. (वाचक, ठाणे)

चरचरणारच. २०० मिलीच्या पेल्यात दोन चमचे म्हणजे पाच टक्क्यांच्या वरचं पाणी झालं. आधीच सुजलेल्या घशाला ते कोरडं पाडतं. पेलाभर कोमट पाण्यात चहाचा सपाट अर्धा चमचा मीठ, म्हणजे सुमारे ३ ग्रॅम, पुरे. यातून साधारण दीड टक्क्याचं द्रावण होतं. ते सुजेतलं थोडं पाणी ओढून घेतं आणि चिकट कफ सैल करतं. मान मागे करून १५ सेकंद ‘आ’ म्हणायचं आणि थुंकायचं. पेला संपेपर्यंत असं करायचं, दिवसातून तीन-चार वेळा. पाणी बोटाला सोसेल एवढंच कोमट हवं. रक्तदाब असलेल्यांनी गिळू नये, बाकी गुळणीला हरकत नाही. हळद पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसते. सासूबाईंना घालायची असेल तर घालू द्या. त्यावरून वाद घालण्याजोगं त्यात काही नाही.

मिठाने विषाणू मरतो असं म्हणता येणार नाही, पण हा उपाय अगदीच टाकाऊ नाही. २०१९ मध्ये एडिंबरातल्या ६६ जणांच्या एका छोट्या अभ्यासात, मिठाच्या पाण्याने नाक धुणाऱ्या आणि गुळण्या करणाऱ्यांची सर्दी जवळपास दोन दिवस लवकर बरी झाली. जपानमध्ये तर लोक एरवीही गुळण्या करतात. तिथे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३८७ निरोगी स्वयंसेवकांच्या अभ्यासात, साध्या पाण्याने गुळण्या करणाऱ्यांना सर्दी कमी झाली. गंमत अशी की पोव्हिडोन आयोडीनच्या गुळण्या करणाऱ्या गटात तसा फायदा दिसला नाही. दोन्ही अभ्यास सर्दीचे होते. ते कोरोनाला किंवा न्यूमोनियाला लावू नयेत.

प्रश्न : जलनेती करताना नाकात जळजळ होते आणि नंतर कान दुखतो. पाणी नळाचंच घेतो. (वाचक, कोल्हापूर)

तिन्ही गोष्टी दुरुस्त करण्यासारख्या आहेत आणि पाण्याची सर्वांत तातडीने. नाकात घालायचं पाणी खळखळ उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळलेलं आणि झाकून कोमट केलेलं असावं. नळाच्या, विहिरीच्या किंवा टाकीतल्या पाण्यात क्वचित ‘नेग्लेरिया फाउलेरी’ नावाचा अमिबा असतो. तो पोटात गेला तर काही होत नाही. नाकात वर गेला तर वासाच्या मज्जातंतूवाटे मेंदूत पोचतो, आणि मग बहुतेक रुग्ण वाचत नाहीत. केरळमध्ये अलीकडच्या वर्षांत असे रुग्ण आढळले आहेत. आजार दुर्मीळ आहे, पण पाणी उकळण्याला फार तर दहा मिनिटं लागतात.

जळजळ बहुधा मीठ कमी पडल्यामुळे होते. पाव लिटर पाण्यात सपाट अर्धा चमचा मीठ घाला, हवं तर चिमूटभर खाण्याचा सोडा. नुसतं पाणी पेशींत शिरून त्या फुगवतं, म्हणून झोंबतं. कान दुखतो तो नंतर दोन्ही नाकपुड्या दाबून जोरात शिंकरल्यामुळे. पाणी त्याने कानाच्या नळीत ढकललं जातं. बेसिनवर वाकायचं, तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायचा आणि शेवटी एकेक नाकपुडी मोकळी ठेवून हलकेच शिंकरायचं. भांडं रोज धुऊन पूर्ण वाळवायचं. कानाला संसर्ग झालेला असताना नेती बंद.

प्रश्न : वाफेने विषाणू जळून जातो, हे खरं का? (वाचक, बेळगाव)

कोरोनाचा विषाणू निकामी करायला ५६ अंश सेल्सियसला सुमारे अर्धा तास ठेवावं लागतं. एवढी उष्णता नाका-घशाला अर्धा तास दिली तर आधी आपलीच त्वचा भाजेल. वाफेने नाकातला शेंबूड पातळ होतो आणि बरं वाटतं, तेवढ्यासाठी पाच-दहा मिनिटं घ्यायला हरकत नाही. सर्दी त्याने लवकर बरी होते असं अभ्यासांत सातत्याने दिसलेलं नाही. नीलगिरी किंवा पुदिन्याच्या अर्काने नाक ‘उघडतं’ म्हणतात तेही फसवं आहे. पुदिन्यातलं मेंथॉल थंडावा जाणवून देणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं, नाकाची वाट काही रुंद होत नाही.

धोका खरा आहे तो मुलांना. उकळत्या पाण्याचं पातेलं मांडीवर किंवा जमिनीवर ठेवून, डोक्यावर चादर घेऊन वाफ देताना ते कलंडतं आणि मांड्या-पोट भाजतं. लहान मुलांना पातेल्याची वाफ देऊच नका. कापूर, ओवा, लवंगेची पोटलीही लहान मुलांच्या उशापाशी नको. कापराचा तुकडा तोंडात गेला तर काही मिनिटांत झटके येऊ शकतात.

प्रश्न : २०२० पासून आमच्याकडे रोज तीन-चार वेळा काढा होतो. सुंठ, मिरी, दालचिनी, गुळवेल, ज्येष्ठमध. आता वडिलांचा रक्तदाब वाढलाय आणि आम्लपित्त आहे. संबंध असेल का? (वाचक, अमरावती)

असू शकतो. ज्येष्ठमधातल्या ग्लिसरायझिनमुळे शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम कमी होतं आणि रक्तदाब चढतो. ते पहिल्यांदा बंद करा आणि वडिलांच्या डॉक्टरांना काढ्याविषयी सांगा. रक्तदाबाची गोळी वाढवण्याआधी त्यांना हे कळायला हवं. मिरी-सुंठीने आम्लपित्त चाळवतं. बाजारातली जाड सालीची दालचिनी बहुधा कॅशिया जातीची असते. तिच्यातलं कुमारिन रोज जास्त प्रमाणात गेलं तर यकृताला त्रास होऊ शकतो. गुळवेलीबाबत मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि वनस्पतीची ओळख चुकली असावी असं म्हटलं. वाद काही असो, आधीच यकृताचा किंवा स्वप्रतिकारक (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते असा) आजार असलेल्याने गुळवेल रोज घेऊ नये. २०२० मधल्या सरकारी सूचनेतही काढा दिवसातून एकदा किंवा दोनदाच होता, आणि त्यात तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ व मनुका एवढंच होतं. गुळवेल आणि ज्येष्ठमध त्या काढ्यात नव्हते.

प्रश्न : हळद-दूध? (वाचक, पणजी)

प्या. हळदीतला गुणकारी मानला जाणारा घटक म्हणजे कुरकुमिन. अर्धा चमचा हळदीत ते जेमतेम तीनेक टक्के असतं. त्यातलंही आतड्यातून फार थोडं शोषलं जातं. मिरीने शोषण वाढतं, हे बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं, पण ते दोन ग्रॅम शुद्ध कुरकुमिनवर. दुधातल्या हळदीच्या कित्येक पट. झोपताना गरम दूध घशाला बरं वाटतं, त्यासाठी प्यायचं.

प्रश्न : नऊ महिन्यांच्या बाळाला खोकल्यासाठी मध चाटवू का? (वाचक, पुणे)

नाही. वर्षाच्या आत मधाचं बोटही नको. मधातल्या बीजाणूंपासून बाळाच्या आतड्यात बोट्युलिझमचं विष तयार होऊ शकतं आणि बाळ लुळं पडतं. वर्षानंतर मात्र रात्रीच्या खोकल्याला अर्धा ते एक चमचा मध हा चांगला उपाय आहे. बाळाचा श्वास जोरात चालत असेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील किंवा ते दूध पीत नसेल तर घरी थांबू नका.

प्रश्न : डेंग्यूत पपईच्या पानांचा रस द्यावा का? (वाचक, नागपूर)

काही छोट्या अभ्यासांत प्लेटलेट थोड्या लवकर वाढलेल्या दिसल्या. रक्तस्राव टळला किंवा जीव वाचला, असं सिद्ध झालेलं नाही. ताप उतरल्यावर प्लेटलेट आपोआपही वाढतात आणि श्रेय रसाला मिळतं. रस कडू असतो, उलट्या होतात, आणि डेंग्यूत उलटी परवडत नाही. ज्याने जीव वाचतो ते म्हणजे ओआरएस, पेज, ताक, नारळपाणी आणि दर सहा तासांनी लघवी होते का यावर लक्ष. तापाला पॅरासिटामॉलच, तेही वजनानुसार. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन नको, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस सर्वांत जपायचे. पोटात सतत दुखणं, हातपाय गार पडणं, हिरड्यांतून रक्त, गुंगी, यातलं काहीही दिसलं की रुग्णालय.

प्रश्न : घरगुती उपायांवर किती दिवस काढावेत? (वाचक, सोलापूर)

तरुण आणि एरवी निरोगी माणसाने साध्या सर्दीत आठवडाभर खुशाल. साठीच्या पुढचे, गर्भवती, मधुमेही, दम्याचे रुग्ण यांना साथीत ताप आला तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. फ्लूवरचं ओसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तरच सर्वाधिक उपयोगी पडतं, आणि ते दोन दिवस हमखास काढ्यात जातात. कोणत्याही वयात धाप लागणं, छातीत दुखणं, रक्तातला ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली जाणं किंवा उतरलेला ताप पुन्हा चढणं ही दवाखान्यात जाण्याची वेळ. नाकात लिंबाचा रस पिळण्याचा जो उपाय २०२१ मध्ये मोबाइलवर फिरत होता, तो कुठल्याही दिवशी करू नये. आम्लाने नाकातलं नाजूक अस्तर भाजतं.

प्रश्न : बरं झाल्यावर टूथब्रश बदलावा का? (वाचक, रत्नागिरी)

त्याच विषाणूची लागण स्वतःच्याच ब्रशवरून पुन्हा होईल, ही भीती नको. शरीराने त्याची ओळख नुकतीच करून घेतलेली असते. घरातल्या सगळ्यांचे ब्रश एकाच पेल्यात डोक्याला डोकं लावून उभे असतात, ते मात्र आजारपणात वेगळे ठेवा. ब्रश उभा आणि उघडा वाळू द्या, प्लास्टिकच्या टोपीत ओला कोंडू नका. केस पसरले असतील किंवा तीन-चार महिने झाले असतील तर तसाही नवा घ्या.