पेप्टाइड, पाचक आणि बिस्किट

प्रश्न असा आलाय: ‘क्रीमच्या डबीवर पेप्टाइड लिहिलेलं असतं. ते प्रोटीनचंच दुसरं नाव का? मराठीत लघुप्रथिन म्हटलं तर चालेल का?’

दुसरं नाव नाही, आणि लघुप्रथिन तर मुळीच नको. चार मणी ओवले म्हणून कुणी त्याला ‘लघुमंगळसूत्र’ म्हणत नाही. अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे मणी, जोडली जातात तेव्हा दर सांध्यामागे पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. ग्लायसिन आणि ॲलनिन ही दोन अमिनो आम्लं घ्या: रेणूभार पहिल्याचा 75, दुसऱ्याचा 89. जोडल्यावर 164 नाही, 146 भरतात. गेलेले 18 पाण्याचे. तो सांधा म्हणजे पेप्टाइड बंध. दोन आम्लांची जोडीसुद्धा पेप्टाइडच. ग्लुटाथायोन नावाच्या पेप्टाइडमध्ये तीन आम्लं आहेत, ऑक्सिटोसिन या संप्रेरकात नऊ. साधारण पन्नाशीपुढची, ठरावीक घडी पडलेली साखळी असेल तर तिला प्रथिन म्हणायची पद्धत आहे. हद्द सोयीपुरतीच, 51 आम्लांचं इन्सुलिन दोन्हीकडे हजेरी लावतं.

खरी मजा शब्दात आहे. 1902 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशरनं ‘पेप्टाइड’ बनवला तो ‘पेप्टोन’वरून. पेप्टोन म्हणजे जठररसानं अर्धवट पचवलेलं प्रथिन. त्यामागे ग्रीक ‘पेप्टोस’: शिजलेलं, पचलेलं. हा आपला पच्‌ धातूच! ग्रीक आणि संस्कृतच्या सामाईक पूर्वज भाषेत मूळ ध्वनी ‘क्व’सारखा होता, ग्रीकांकडे इथे त्याचा ‘प’ झाला, आपल्याकडे ‘च’ आणि ‘क’. योगायोग वाटत असेल तर दुसरी जोडी घ्या: ग्रीक ‘एपोस’, ज्यावरून ‘एपिक’ आला, आणि संस्कृत ‘वचस्’. तोच ‘प’, तोच ‘च’. लॅटिनमध्ये याच धातूचं ‘कोक्वो’ झालं आणि त्यातून आलं बिस्किट, म्हणजे दोनदा भाजलेलं. साखरेचा पाक, पक्वान्न, पिकलं पान, चहात बुडवायचं बिस्किट आणि पेप्टाइड, सगळी एकाच घराण्यातली मंडळी.

यावर दोन गट लगेच उठतात. एक म्हणतो, पेप्टाइड पेप्सिन या जठरातल्या पाचक एन्झाइमवरून आला. पेप्सिन हे नाव जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर श्वाननं 1836 मध्ये त्याच ग्रीक धातूवरून दिलं; ही भावंडं आहेत, बापलेक नव्हेत. दुसरा म्हणतो, ग्रीकांनी पच्‌ आपल्याकडून उचलला. उचलला असता तर ‘च’ गेला कुठे? आजोबा एक असले म्हणून पणतू चोर ठरत नाही.

जुन्या मराठीत पाचक म्हणजे आचारी, आज पाचक म्हणजे चूर्ण. शिजवणं आणि पचवणं भाषेनं एकाच धातूत बसवलं, पण रसायनात ती दोन निराळी कामं. अंडं उकडताना पांढरं घट्ट होतं, कारण प्रथिनाची घडी उसवते आणि उसवलेल्या साखळ्या एकमेकींत गुंततात. पेप्टाइड बंध मात्र शाबूत राहतात. प्रयोगशाळेत ते सगळे तोडायचे तर तीव्र (6 नॉर्मल) हायड्रोक्लोरिक आम्लात, हवा काढून बंद केलेल्या नळीत, 110 अंशांवर 24 तास ठेवतात; एवढं करून ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल नष्ट होतं ते होतंच. पोटात पेप्सिन 37 अंशांवर सुरुवात करतं, आतड्यात ट्रिप्सिन वगैरे एन्झाइमं ते काम पुढे नेतात. फिशरनं शिजण्याचा नाही, पचण्याचा अर्थ उचलला, हे बरं केलं.

म्हणून ‘प्रथिन’मध्ये जसा ‘प्रथम’ ऐकू येतो, तसा पेप्टाइडला ‘पाचिन’ म्हणावं असं माझं मत. नसेल पटत तर पेप्टाइडच म्हणा, पण अनेकवचन ‘पेप्टाइडं’ करा.

हो, क्रीम राहिलंच. सुमारे 500 डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूभाराचं एकक) जड रेणू धडधाकट कातडीतून सहसा आत शिरत नाही, आणि साखळीतलं एक अमिनो आम्ल सरासरी 110 डाल्टनचं. म्हणजे चार आम्लांतच मजल संपते. डबीवर ‘ट्राय’ (तीन), ‘टेट्रा’ (चार) की ‘हेक्सा’ (सहा) लिहिलंय ते बघा.