पुण्यात राहून बेस जंपिंग करता येईल का? कोकणकड्यावरून उडी मारली तर पोलीस, सामान आणि हाडं यांचं काय?

तुम्ही लिहिलंय की बाणेरला राहता, कामशेतला पॅराग्लायडिंगचा कोर्स झालाय, आणि हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या टोकाला पालथं पडून खाली डोकावताना 'इथून पॅराशूट घेऊन उडी मारता येईल' असं डोक्यात आलं. तुमचे प्रश्न तीन: पकडतील का, सामान काय लागतं, आणि मोडलं तर काय मोडतं.

माझ्याबद्दल थोडक्यात. नोकरीमुळे काही वर्षं अमेरिकेत होतो, तिथे स्कायडायव्हिंगचं लायसन्स काढलं आणि नंतर आयडाहोमधल्या पुलावर बेसचा, म्हणजे विमानाऐवजी कडा, पूल, इमारत अशा जागेवरून पॅराशूटने उडी मारण्याचा, पहिला कोर्स केला. पुण्याला परतल्यापासून जमेल तसा डोंगरातल्या बचावकार्याला जातो. सह्याद्रीत एकदाही उडी मारलेली नाही आणि मारणारही नाही.

तुमचा पहिला आणि तिसरा प्रश्न मुळात एकच आहे. नॉर्वेचं उदाहरण बघा. तिथे शेराग नावाचा जवळजवळ हजार मीटरचा कडा आहे, त्यावरून उडी मारणं कायदेशीर. त्याच देशात ट्रोलवेगन ही प्रचंड भिंत आहे, तिच्यावरून उडी मारायला १९८६ पासून बंदी. या खेळाला आजचं रूप देणारा कार्ल बोनिश १९८४ मध्ये त्याच भागात उडी मारताना मरण पावला. देश एक, खेळ एक, मग कायदा दोन का? शेरागच्या खाली फ्योर्डच्या काठाला उतरायला जागा आहे, न्यायला बोट येते. ट्रोलवेगनमध्ये उडी फसली की माणूस भिंतीतल्या एखाद्या कंगोऱ्यावर अडकतो आणि त्याला काढायला जाणाऱ्यांचाच जीव टांगणीला लागतो. बंदीचं खरं कारण ते. म्हणून कडा किती उंच आहे हे नंतर बघा. आधी हे बघा की खाली उतरणार कुठे, आणि उतरता आलं नाही तर आणणार कोण.

आता कोकणकडा. वरून तो बेस जंपिंगसाठीच बनवल्यासारखा वाटतो, अर्धगोल, आत वळलेला, खाली नजर ठरत नाही. पण भिंत संपली की सपाटी लागत नाही. तिथून जंगलाने आणि धोंड्यांनी भरलेला तीव्र उतार सुरू होतो, आणि पायथ्याच्या बेलपाडा गावाची शेतं बरीच लांब राहतात. नळीच्या वाटेने चढला असाल तर ते दगड तुमच्या पायांना ठाऊक असतील. शिवाय त्या अर्धगोलात वारा वर चढतो. वरून टाकलेली हलकी वस्तू परत येते हे सगळ्या ट्रेकर्सनी करून पाहिलेलं असतं. कॅनपीखाली, म्हणजे उघडलेल्या पॅराशूटखाली, असताना हाच वारा कुठे उचलेल आणि कुठे कोसळवेल याचा नेम नाही. समजा घोटा मोडून त्या धोंड्यांत पडलात. रेंज नाही. मित्र वर कड्यावर, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यात, आणि तुम्ही खाली ठाणे जिल्ह्यात. बचाव गट गाडीने येणार, मग चालत, आणि मग तुम्हाला स्ट्रेचरला बांधून हातोहात उतरवणार. तसल्या वाटेवर स्ट्रेचर धरायला एका वेळी सहा-आठ जण लागतात, आणि दमले की बदली सहा-आठ. एखादा किलोमीटरसुद्धा तासांच्या हिशोबाने मोजावा लागतो. शेरागला हेच काम बोट करते.

पकडले जाण्याची भीती स्वतःच माणसं मारते, हे या खेळातल्या जुन्या लोकांचं म्हणणं आहे आणि मला ते पटतं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत पॅराशूटने उतरायला बंदी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार डॉलरपर्यंत दंड, शिवाय सामान जप्त. योसेमिटी उद्यानातल्या एल कॅपिटन कड्यावर १९८० मध्ये काही आठवडे परवानगी देऊन पाहिली होती, पण ती लगेच मागे घेतली. १९९९ च्या जूनमध्ये फ्रँक गँबली तिथून उडी मारून सुखरूप उतरला, रेंजर मागे लागले म्हणून मर्सेड नदीत शिरला आणि बुडाला. उडीत त्याला खरचटलंही नव्हतं. त्याच ऑक्टोबरमध्ये बंदीचा निषेध म्हणून काही जणांनी पत्रकारांसमोर, आधी कळवून उड्या मारल्या. त्यात जॅन डेव्हिस होत्या, अतिशय अनुभवी. सामान जप्त होणार हे माहीत असल्याने त्यांनी स्वतःचं चांगलं रिग (पॅराशूट आणि त्याची पाठपिशवी) घरी ठेवून उसनं घेतलं. त्यात पायलट शूटची, म्हणजे मोठं पॅराशूट बाहेर ओढणाऱ्या छोट्या पॅराशूटची, जागा वेगळी होती, पाठीशी नसून पायाला. पॅराशूट उघडलंच नाही. यावरून 'मग परवानगी द्या ना' एवढंच म्हणणारे अर्धं बोलतात असं माझं मत आहे. परवानगी दिल्याने कोकणकड्याखालचे धोंडे हलत नाहीत.

आपल्याकडचा कायदा. 'बेस जंपिंगला बंदी' असं लिहिलेला कायदा शोधत बसू नका, त्याची गरजच पडत नाही. हरिश्चंद्रगड हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं कलम २७ अभयारण्यातल्या प्रवेशावर बंधन घालतं, आणि कलम २८ मध्ये प्रवेशाचा परवाना कशासाठी मिळतो ते दिलंय. पर्यटन त्यात आहे, म्हणून आपण जातो. त्या परवान्यात कड्यावरून उडी बसवायला वनाधिकारी फारच उदार हवा. उल्लंघनाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. गड-किल्ल्यांवर पुरातत्त्वाचे नियम वेगळे. लोहगड, राजगड तर २०२५ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, तिथे असलं काही करून बातमीत येऊच नका. पावसाळ्यात जिल्हाधिकारी धबधबे-कड्यांसाठी मनाईहुकूम काढतात, तो मोडला की भारतीय न्याय संहितेचं कलम २२३. हिंजवडीतली अर्धवट बांधलेली इमारत मनात असेल तर अनधिकृत प्रवेशाचं कलम ३२९ लावलं जाऊ शकतं, शिवाय खाली रस्ता आणि रस्त्यावर माणसं, म्हणजे इतरांच्या जिवाला धोका घातल्याचं कलम १२५.

याहून महत्त्वाची गोष्ट कुणी विचारत नाही: सोबत्यांचं काय? कमी उंचीच्या उडीत मित्र मागे उभा राहून तुमचं पायलट शूट हातात धरतो, तुम्ही पडलात की ते ताणलं जाऊन कॅनपी बाहेर येते. तुम्ही गेलात तर पोलिसांसमोर जिवंत उभा असतो तो. हयगयीने मृत्यूचं कलम १०६, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. गुन्हा सिद्ध होईल की नाही हे पुढचं, पण तारखा त्यालाच पडणार. आणि तुम्ही नुसते जखमी झालात तरी 'ट्रेकला घसरलो' हे चालत नाही. उंचावरून पडलेला माणूस आला की रुग्णालय एमएलसी करतं, म्हणजे पोलिसांना कळवतं.

सामानाकडे येऊ. स्कायडायव्हिंगच्या पाठपिशवीत दोन पॅराशूट असतात आणि एएडी नावाचं यंत्र. माणूस बेशुद्ध पडला तरी ते साधारण ७५० फुटांवर रिझर्व्ह, म्हणजे दुसरं राखीव पॅराशूट, उघडतं. मी शिकलो तो पेरीन पूल ४८६ फूट उंच आहे. तिथे स्कायडायव्हिंगचा शेवटचा उपाय जिथे सुरू होतो त्याच्याही खालून तुम्ही उडी सुरू करता! म्हणून बेसच्या रिगमध्ये सहसा एकच कॅनपी असते. दुसरी उघडायला वेळच नाही. पहिल्या दोन सेकंदांत माणूस वीस मीटर पडतो, तीन सेकंदांत चव्वेचाळीस. पुलावरून काहीच न उघडता पडलात तर साडेपाच-पावणेसहा सेकंदांत पाणी.

कॅनपी मोठी, सात कप्प्यांची, भरवशाने आणि सरळ उघडणारी. पायलट शूट उंचीप्रमाणे बदलतं: कमी उंचीला ४६-४८ इंची, कारण हवेचा वेग कमी असताना त्याने जोर लावायचा असतो, आणि दहा-बारा सेकंद पडायचं असेल तर ३२ च्या आसपास, नाहीतर झटका बसतो. स्लायडर म्हणजे दोऱ्यांवरून खाली सरकत उघडण्याचा वेग कमी करणारं चौकोनी कापड. कमी उंचीला ते काढतात किंवा खाली बांधून ठेवतात, आणि मग दोऱ्या गुंतू नयेत म्हणून टेलगेट, म्हणजे मागच्या दोऱ्या एकत्र धरणारा छोटा पट्टा, लावतात. यातली एक गोष्ट चुकली तरी उडी बघणाऱ्याला काहीच वेगळं दिसत नाही, शेवटचे दोन सेकंद सोडून. पॅकिंग स्वतःच करायचं, घाई न करता. पहाटे वनरक्षक यायच्या आत उरकायचं म्हणून अंधारात हेडलॅम्प लावून पॅकिंग करणारे मी ऐकलेत आणि त्यांच्यासोबत जायला नकार दिलाय. नवं रिग तीन-साडेतीन लाखांच्या घरात जातं, आयात शुल्क वेगळं. तुमचा पॅराग्लायडर इथे उपयोगाचा नाही. तो जमिनीवर पसरून उडवायचा असतो, पडताना पिशवीतून उघडण्यासाठी त्याची रचनाच नाही. कामशेतला शिकलेलं वाऱ्याचं भान मात्र उपयोगी पडेल, तेवढं जपा.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे कॅनपी उलट्या दिशेने उघडणं. सामान ठीक, उघडणंही ठीक, फक्त तोंड भिंतीकडे. वळवायला हातात एक-दोन सेकंद. कड्यावर माणूस आदळतो तो बहुधा असा.

मोडतं काय? शेरागवर १९९५ ते २००५ या काळातल्या २०,८५० उड्यांचा अभ्यास झालाय. ९ मृत्यू, म्हणजे साधारण २,३०० उड्यांमागे एक, आणि जिवावर न बेतलेले ८२ अपघात, साधारण अडीचशे उड्यांमागे एक. स्कायडायव्हिंगच्या पाच ते आठ पट धोका असा त्यांचा अंदाज. आणि हे आकडे उंच, कायदेशीर, खाली बोट असलेल्या जागेचे आहेत.

वाचलेल्यांचा त्रास बहुतेक कमरेखाली. वेगात, पाय ताठ ठेवून धोंड्यावर उतरलं की टाचेचं हाड चुरतं. त्यावरचं टॅलस मोडलं तर जास्त वाईट, कारण त्याला रक्तपुरवठा मुळातच कमी, हाडाचा तुकडा मरण्याची भीती राहते. नडगीचं खालचं टोक सांध्यात घुसतं. दोन्ही टाचा मोडून आलेल्या माणसाच्या कमरेचा एक्स-रे अस्थितज्ज्ञ न विचारता काढतात, कारण तोच धक्का वर चढून छाती-कमरेच्या जोडावरच्या मणक्यात जातो. म्हणूनच अशा माणसाला मित्रांनी खांद्यावर उचलून वाटेला लागू नये. घोटा धरणारे जाड बूट, गुडघ्याचे पॅड, हेल्मेट हे सगळं घालतात, पण मणक्याला त्याचा फारसा उपयोग नाही.

तरी करायचंच असेल तर रस्ता लांबचा आहे. आधी स्कायडायव्हिंग शिका. पुण्याला ते परकं नाही, पद्मश्री शीतल महाजन आपल्याच गावच्या. लायसन्सला २५ उड्या लागतात. बेस शिकवणारे साधारण दोनशे उड्यांचा अनुभव मागतात आणि त्यात कॅनपी नेमक्या जागी उतरवता येते का हे बघतात. मग पेरीनसारखी जागा, जिथे वर्षभर परवान्याशिवाय उडी मारता येते, खाली नदीकाठ आहे आणि शहर शेजारीच. विंगसूटचं, म्हणजे हातापायांमध्ये कापडी पंख असलेल्या पोशाखाचं, नाव इतक्यात काढू नका.

निघण्याआधी आरोग्य विम्याची पॉलिसी काढून वाचा. त्यात 'एक्सक्ल ०९' या कोडखाली साहसी खेळांचा अपवाद असतो. पॅरा-जंपिंग आणि स्कायडायव्हिंगचं नाव तिथे छापलेलं आहे, पण शब्दरचना 'व्यावसायिक म्हणून भाग घेतल्यास' अशी आहे. हौशी माणसाला ते कसं लावणार, हे कंपनीकडून लेखी घ्या. त्याच्याच खाली 'एक्सक्ल १०' आहे, गुन्हेगारी हेतूने कायदा मोडताना झालेल्या दुखापतीबद्दल. अभयारण्यातल्या उडीनंतर कंपनी आधी तेच पान उघडेल. अपघात विमा आणि आयुर्विमा यांच्या अटी वेगळ्या, त्याही बघा. एजंट फोनवर 'हो हो, सगळं कव्हर आहे' म्हणाला तर त्याला तेच ईमेलवर पाठवायला सांगा.