मुलीचा अर्ज परस्पर मागे घेणाऱ्या बाबांना

रायगड जिल्ह्यातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी २८ वर्षांची, इतिहासात एम.ए., बी.एड., गेली तीन वर्षं एका अनुदानित शाळेत शिकवते. कोकणातल्या ज्यूंचा म्हणजे बेने इस्रायलींचा इतिहास आणि होलोकॉस्ट, म्हणजे हिटलरच्या राजवटीने केलेला ज्यूंचा संहार, वर्गात कसा शिकवावा, याचं प्रशिक्षण तिला घ्यायचं आहे. पुढे इतर शिक्षकांनाही ते द्यायचं आहे. बाबांच्या मते तिने एमपीएससी करावी. ते लिहितात, ‘ज्यूंचा इतिहास शिकवून पोट भरतं का? आपला त्यांच्याशी संबंध काय? हिटलर वाईट होता हे एका वाक्यात सांगून होतं. उलट त्याची शिस्त मुलांनी घेण्यासारखी आहे. स्थळं येतात, त्यांना मी काय सांगू?’ शेवटी जाता जाता लिहिलंय: ‘सुट्टीतल्या कार्यशाळेसाठी तिने केलेला अर्ज मी तिच्या ईमेलवरून मागे घेतला आहे.’

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या शेवटच्या वाक्यापाशी थांबले. तुमची मुलगी कमावती आहे, रोज चाळीस-पन्नास मुलांची जबाबदारी घेते. तिच्या नावाने, तिच्या पत्त्यावरून तुम्ही ‘मला यायचं नाही’ असं कळवलंत. याला काळजी म्हणता येणार नाही. घरात वाद घालून तुम्ही तिला अडवलं असतं, तर निदान तिला उत्तर देता आलं असतं. इथे आयोजकांच्या दृष्टीने तिनेच माघार घेतली. पुढच्या वेळी तिचं नाव पाहून ते काय विचार करतील? हे तिला कळलंय की नाही, याबद्दल पत्रात काहीच नाही. कळलं नसेल, तर हे उत्तर पुढे वाचण्याआधी तिला सांगा. उद्या एमपीएससीचा फॉर्मही तुम्हीच भरणार का?

एमपीएससीबद्दल थोडक्यात. तिला मनापासून प्रशासनात जायचं असेल तर जरूर द्यावी. स्थळांना सांगायला सोपं जावं म्हणून देऊ नये. स्थळांना सांगा, मुलगी शाळेत इतिहास शिकवते. एवढं ऐकून जे मागे फिरतील, त्यांना फिरू द्या.

आता शिस्तीबद्दल, कारण हा समज तुमच्या एकट्याचा नाही. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला गेले होते. वेशभूषा स्पर्धेत सातवीतला एक मुलगा काजळाची चौकोनी मिशी लावून, हात पुढे ताठ करून चालत आला आणि पालकांनी कौतुकाने टाळ्या वाजवल्या. मुलाचा दोष नव्हता. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. हिटलर ३० जानेवारी १९३३ रोजी चॅन्सेलर झाला आणि मार्चमध्ये डाखाऊची छळछावणी सुरू झाली. एप्रिलमध्ये कायदा करून ज्यू शिक्षक-प्राध्यापकांना सरकारी नोकरीतून काढायला सुरुवात झाली. त्याच महिन्यात शाळा-महाविद्यालयांत ज्यू मुलांच्या प्रवेशावर मर्यादा आली. १९३५च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचं नागरिकत्व गेलं. नोव्हेंबर १९३८मध्ये सरकारी शाळांत उरलेल्या ज्यू मुलांनाही बाहेर काढलं. तोवर वर्गावर्गात वंशाचे धडे शिकवले जात होते, आणि ते शिकवत होते साधे, वेळेवर येणारे, हजेरी नीट घेणारे शिक्षक. तुम्ही जिला शिस्त म्हणता ती ही. तिच्या शेवटी ६० लाख ज्यूंची हत्या झाली, त्यात सुमारे १५ लाख मुलं होती. आणि हिटलरला आपल्या स्वातंत्र्याविषयी आस्था होती असंही वाटत असेल, तर त्याने स्वतःच्या आत्मचरित्रात भारत इंग्रजांच्याच ताब्यात राहिलेला बरा, असं लिहून ठेवलंय. हे एका वाक्यात सांगून होत नाही. म्हणूनच मला वाटतं, हा विषय शिक्षकाने तर शिकायलाच हवा. जे घडलं त्याचा बराचसा भाग वर्गातून गेला होता.

तुमच्या एका तक्रारीत मात्र तथ्य आहे. मुलीने नववीच्या वर्गात मुलांच्या शर्टावर नाझी ज्यूंना लावायला भाग पाडत तसे पिवळे तारे लावून छावणीचा प्रसंग बसवला, दोन मुली रडल्या आणि मुख्याध्यापकांनी तिला बोलावलं, असं तुम्ही लिहिलंय. मुख्याध्यापकांनी योग्य केलं. हा विषय शिकवणाऱ्या जगभरातल्या जाणत्या संस्था अशी नाटुकली करू नका, असंच सांगतात. चाळीस मिनिटांत कुणालाही ते दुःख ‘अनुभवता’ येत नाही. मुलं एकतर घाबरतात, नाहीतर त्याचा खेळ करतात. त्याऐवजी एक माणूस घ्यावा, एक घर घ्यावं. ते लोक आधी कसे जगत होते, कुठल्या शाळेत जात होते, मग एकेक दार कसं बंद होत गेलं, हे मुलांसमोर ठेवावं. प्रेतांचे फोटो दाखवून धक्का देऊ नये. हे आपोआप येत नाही, शिकावं लागतं, आणि ते शिकण्यासाठीच तिने अर्ज केला होता.

तुम्ही असंही लिहिलंत की ती वळीवड्याच्या ‘ज्यू छावणी’वर सहल नेणार आहे. तिला सांगा, कोल्हापूरजवळच्या वळीवड्यात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, पण ते बहुतांश कॅथलिक होते, सोव्हिएत हद्दपारीतून सुटून आलेले. ती कहाणी मोठी आहे आणि सांगायलाच हवी, पण वेगळी. तसंच बेने इस्रायलींचा इतिहास म्हणजे होलोकॉस्टचा इतिहास नव्हे. दोन्हींची सरमिसळ झाली की मुलांना ज्यू म्हणजे फक्त मारली गेलेली माणसं वाटू लागतात. गाझाबद्दलही मुलं विचारणारच. तिथे आपल्या इथल्या ज्यू शेजाऱ्यांचा इतिहास एका बाजूला आणि आजच्या सरकारांची धोरणं दुसऱ्या बाजूला ठेवून बोलता आलं पाहिजे. त्यालाही तयारी लागते.

‘आपला संबंध काय’ हे रायगडच्या माणसाने विचारावं, याचं मला वाईट वाटलं. अलिबागला इस्रायल आळी आहे, तिथे मागेन अबोथ सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, उभं आहे. गलबत फुटून पूर्वज अलिबागजवळच्या नवगावला लागले, असं बेने इस्रायलींची परंपरा सांगते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ते शनवार तेली. दिवेकर, पेणकर, रोहेकर, केहिमकर ही आडनावं तुमच्या-माझ्यासारखीच गावांवरून आलेली. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग १७९६चं, आणि लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत. त्यांच्या वल्हांडणाच्या सणाची पोथी मराठीत १८४६ साली छापली गेली. तुमच्या मुलीला शिक्षिका म्हणून कुणाचं नाव हवं असेल तर रिबेका रूबेन घ्या. १९०५मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिली आलेली ही पहिली मुलगी पुढे आपल्याच समाजाच्या शाळेची अनेक वर्षं मुख्याध्यापिका होती. ती शाळा आजही माझगावला आहे. आणि होलोकॉस्टचा धागा? तुमच्या लहानपणी आकाशवाणी सुरू होताना तानपुऱ्यावर व्हायोलिनची धून वाजायची ना? ती रचणारा म्हणून ज्याचं नाव घेतात, तो वॉल्टर कॉफमन, १९३४मध्ये हिटलरच्या सावटातून निघून प्रागहून मुंबईला आलेला ज्यू संगीतकार. नववीच्या मुलांना आधी ती धून ऐकवावी आणि मग विचारावं, हा माणूस इथे का आला असेल?

आता पैशांचं स्पष्ट सांगते. ‘होलोकॉस्ट शिक्षक’ अशी पदाची जाहिरात महाराष्ट्रात निघत नाही. यासाठी तिने नोकरी सोडली तर मी तिच्या विरोधात उभी राहीन. पण ती सोडतच नाहीये. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाची अपेक्षा आहे की प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या प्रशिक्षणाला द्यावेत. तिचे तास या विषयाला जाऊ देत. जेरुसलेमच्या याद वाशेम या होलोकॉस्ट स्मारक संस्थेचे शिक्षकांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत, ते नोकरी सांभाळून होतात. त्यानंतर तिने आपल्या तालुक्यापुरते चार-पाच पाठ तयार करावेत, शेजारच्या दोन शाळांत घेऊन पाहावेत आणि ते घेऊन डाएटमध्ये, म्हणजे शिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्या जिल्हा संस्थेत, जावं. दहावीच्या पुस्तकात उपयोजित इतिहास आहे, त्याला स्थानिक उदाहरणं लागतातच. राज्य सरकारने २०१६मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, पण त्यांची मराठी घरं, पोथ्या आणि कबरस्तानं वर्गात कोण आणणार? स्थानिक इतिहास जाणणारी प्रशिक्षक म्हणून तिचं नाव व्हायला पाच-सात वर्षं लागतील. एमपीएससीच्या मागेही मुलं तेवढीच वर्षं घालवतात.

आणि एक. पत्राच्या मध्यावर तुम्ही एक ओळ लिहून पुढे गेलात: ‘आमच्या शेजारी शनवार तेल्यांचं घर होतं, मी तिसरीत असताना ते इस्रायलला गेले, जाताना त्यांच्या मुलाने मला त्याची सायकल दिली.’ हे मुलीला कधी सांगितलंत? ती जे शोधायला कार्यशाळेला निघाली होती, त्यातलं थोडं तुमच्याकडेच आहे. आयोजकांना तिलाच लिहू द्या, आणि अर्ज कुणी मागे घेतला होता हेही लिहू द्या. जागा भरली असेल तर पुढच्या वेळी जाईल. मग एक दिवस दोघं मिळून त्या घरापर्यंत चालत जा. त्या मुलाचं नाव तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. तिला ते सांगा.