तिसऱ्या मजल्यावर पिंपळ लावतं कोण?

प्रश्न: आमच्या दादरच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर पाइपजवळ पिंपळ उगवलाय, कितीदा तोडला तरी परत येतो. बी एवढ्या वर जाते कशी? शेजारचे काका म्हणतात मुंग्या नेतात.

उत्तर: मुंग्या थोडीफार हलवाहलव करतात, पण मेन काम पक्षी आणि वटवाघळांचं, तांबट, कोकिळा, मैना पिंपळाची फळं खातात, बारीक बिया न पचता विष्ठेतून पडतात आणि भेगेत ओल मिळाली की रुजल्याच. मुंग्यांची खरी आवड बघायची तर एरंड, रेल्वे रुळांच्या कडेला दिसतो ना, तोच! त्याच्या बीच्या टोकाला तेलकट गाठ असते, मुंग्या बी उचलून नेतात, गाठ खातात आणि उरलेली बी टाकून देतात. बाकी पिंपळ नुसता छाटू नका, मुळासकट काढून भेग बुजवा.