उरणला टेक्साससारखी तळी का नाहीत?

तुमच्या भाच्याने टेक्सासहून पाठवलेल्या फोटोंबद्दल वाचलं. माळरानावर काळं प्लास्टिक अंथरलेली अवाढव्य तळी आणि त्यात तेलविहिरींचं सांडपाणी. मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या तेलाबरोबर येणारं पाणी उरणला असं का साठवत नाहीत, असा तुमचा प्रश्न. माझी नोकरी याच पाण्यात गेली, म्हणून जरा लांबण लावतो.

तळ्यात पाणी नुसतं थांबतं, त्याची विल्हेवाट लागत नाही. विहीर जुनी होत जाते तसं तेल घटतं, पाणी वाढतं आणि ते रोज येतं. टेक्सासच्या पर्मियन भागात त्यात लिटरमागे 100 ग्रॅमहून जास्त क्षार सापडतात. समुद्राच्या पाण्यात साधारण 35. तिथली बरीच तळी पुढच्या विहिरीच्या फ्रॅकिंगला (म्हणजे दाबाने पाणी सोडून खडक फोडायला) पाणी लागेपर्यंतची सोय आहेत. उरलेलं बहुतेक खोल जमिनीत सोडतात. अमेरिकेच्या इतर कोरड्या भागांत काही ठिकाणी उन्हात आटवतातही. पश्चिम टेक्सासात वर्षाला जेमतेम 350-400 मिलिमीटर पाऊस, म्हणून उघडं तळं परवडतं.

आता आपल्याकडे या. एक हेक्टरच्या तळ्यात 2,200 मिलिमीटर पाऊस धरा. नुसतं आभाळातून 2 कोटी 20 लाख लिटर पाणी आलं, आणि तेलकट खाऱ्या पाण्यात मिसळलं की तेही सांडपाणीच. काठ साधारण अर्धा ते एक मीटर मोकळा ठेवतात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला होता. म्हणजे एका दिवसात काठ संपला! उन्हाळ्यात आटवू म्हणाल, तर क्षार वाढतात तसं आटणंही मंदावतं.

अस्तर जाड घातलं की झालं, असं तुम्ही म्हणता. शेततळ्याचा कागद 500 मायक्रॉनचा असतो. सांडपाण्याच्या तळ्यात सहसा दीड मिलिमीटरची एचडीपीई या चिवट प्लास्टिकची शीट घालतात, आणि नीट केलेल्या कामात तीही दुहेरी. दोन शीटांमध्ये जाळी, सर्वांत खाली दाबून बसवलेली चिकणमाती. वरच्या शीटमधून झिरपलेलं पाणी जाळीतून एका खड्ड्यात उतरतं, तिथून उपसून मोजायचं. आकडा एकदम वाढला की वर भोक पडलं समजा. गळतं ते बहुधा सांध्यात, कोपऱ्यात किंवा पाइप बाहेर पडतो तिथे. सांधा दोन पट्ट्यांत वेल्ड करतात आणि मधल्या पोकळीत हवा भरून दाब टिकतो का पाहतात. शीट 30 अंशांनी तापली तर 100 मीटरला जवळपास अर्धा मीटर वाढते. भर दुपारी ताणून बसवली की रात्री आखडून सांध्यांवर ओढ येते. ठेकेदाराला घाई असते, तुम्ही करू नका.

उरणची अडचण आणखी वेगळी. खाडीकाठची जमीन, भूजल वर. पावसाळ्यात तळ्यात पाणी कमी असेल तर खालच्या दाबाने शीट फुगून वर येते. शिवाय पाणथळीचे पक्षी. पाण्यावर तेलाचा पातळ थर असला तरी पिसं चिकटतात आणि पक्षी मरतो. त्यामुळे तेल आधी काढणं आणि वर जाळी हे आलंच. साचलेल्या पाण्यात जिवाणू हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायूही तयार करतात, म्हणून वायू मोजणाऱ्या मीटरशिवाय काठावर जायचं नाही.

मुंबई हायला हे टाळता येतं, कारण समुद्रातल्या तेलफलाटावरच बरंचसं पाणी वेगळं करून त्यातलं तेल काढतात. समुद्रात सोडताना तेलाची मर्यादा लिटरमागे 40 मिलिग्रॅम आहे. किनाऱ्यावर तेलासोबत आलेल्या पाण्याला बंद टाक्या आणि शुद्धीकरण संयंत्र हेच माझ्या मते बरं. महाग पडतं, पण छताखाली पाऊस मोजावा लागत नाही.

भाच्याला एक विचारा. तळं बंद करताना तळाचा गाळ आणि जुनी शीट कुठे जाते? गाळात रेडियमसारखे किरणोत्सारी घटक साठू शकतात, आणि तळ्याच्या खर्चात हा भाग फार कमी लोक धरतात. त्याने सांगितलं तर इथे जरूर लिहा.