सर्व्हर मंद झाला म्हणून रेड बदलण्याआधी कंट्रोलरची बॅटरी तपासा

चार डिस्कचा रेड ५ असलेला आपला सर्व्हर महिन्याभरापासून अचानक मंद झाला आहे, तर तो मोडून रेड १० करावा का, असे आपण विचारले आहे. (रेड म्हणजे एखादी डिस्क बिघडली तरी डेटा वाचावा म्हणून अनेक डिस्कची केलेली एकत्र मांडणी; ५ आणि १० हे तिचे प्रकार.) त्यातील ‘अचानक’ हा शब्द वाचला आणि मला उत्तर लिहिणे भाग पडले. रेडची रचना महिन्याभरात बदलत नाही. कंट्रोलरची, म्हणजे या डिस्क चालवणाऱ्या कार्डाची, बॅटरी मात्र निकामी होते. वीज गेली तर त्याच्या कॅशमधील, म्हणजे तात्पुरत्या मेमरीतील, डेटा तीच टिकवते. ती निकामी झाली की बहुतेक कंट्रोलर राइट-बॅक, म्हणजे डेटा कॅशमध्ये येताच पोच देण्याची पद्धत, सोडून आपणहून राइट-थ्रूवर जातात, म्हणजे डेटा प्रत्यक्ष डिस्कवर पोहोचेपर्यंत ‘लिहिले’ अशी पोच देत नाहीत. रेड ५ मध्ये प्रत्येक लहान लेखनासाठी सहसा दोन वाचने आणि दोन लेखने करावी लागत असल्याने हा फरक लगेच जाणवतो.

इंदूरच्या सियागंजमधील एका घाऊक व्यापाऱ्याच्या सर्व्हरची देखभाल मी करीत असताना, ऐन दिवाळीच्या गर्दीत, नेमके हेच झाले होते. मी नवी बॅटरी मागवण्यास सांगितले. परंतु ‘अहो, यूपीएस आहे ना, मग बॅटरी हवी कशाला?’ असे म्हणून माझ्या वरिष्ठांनी बॅटरीविना राइट-बॅक सक्तीने चालू केले. बिले पुन्हा झरझर निघू लागली आणि शेठजींनी त्यांचे कौतुकही केले. नवव्या दिवशी दुपारी सर्व्हरचा पॉवर सप्लाय जळाला. यूपीएस व्यवस्थित चालू होता, त्यावरचा दिवादेखील विझला नाही. पण जे लेखन पूर्ण झाल्याचे डेटाबेसने गृहीत धरले होते, ते कॅशमधल्या कॅशमध्ये नाहीसे झाले. चारही डिस्क धडधाकट असूनही खातेवहीची टेबले उघडेनात. आदल्या रात्रीचा बॅकअप चढवून दिवसभराच्या नोंदी मी आणि मुनीमजींनी बिलांच्या कार्बन प्रतींवरून पहाटेपर्यंत पुन्हा भरल्या. शेठजींना मात्र ‘डिस्क खराब निघाल्या’ असे सांगण्यात आले, आणि मी तेव्हा गप्प बसलो, हे मला अजून सलते.

यूपीएसचे संरक्षण प्लगपर्यंतच असते. प्लगच्या पुढे पॉवर सप्लाय आहे, मदरबोर्ड आहे, आणि तेथे काही जळाले तर कॅश फक्त बॅटरीच सांभाळते. ज्याला हे मान्य नसेल त्याने डेटाबेसच्या सर्व्हरला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रेड १० लहान लेखनात वेगवान आहे, यात शंका नाही. मात्र २ टीबीच्या चार डिस्कमधून आपल्याला ६ ऐवजी ४ टीबीच जागा मिळेल, आणि एकमेकींची प्रत ठेवणाऱ्या एकाच जोडीतील दोन्ही डिस्क गेल्या तर तोही वाचत नाही. काही कंट्रोलर बॅटरीची चाचणी म्हणून ती ठरावीक काळाने स्वतःच रिकामी करून पुन्हा भरतात, तेवढ्या वेळेपुरता मंदपणा असेल तर तो दोष समजू नये. आपल्या कंट्रोलरमध्ये बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर (थोडा वेळ पुरेल एवढी वीज साठवणारा भाग) आणि फ्लॅश (वीज नसतानाही डेटा टिकवणारी मेमरी) असेल तर त्याची स्थिती पाहावी. मंदपणाचे कारण एखादी मरणासन्न डिस्क असण्याचीही शक्यता आहे, म्हणून कंट्रोलरचा लॉग आधी वाचावा, आणि काहीही बदलण्यापूर्वी बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून तो उघडतो का, हे पाहून घ्यावे.