तीस ऐवजी पाचच वेळा रेडिएशन: वडिलांचे उपचार अपुरे ठरतील का?

नाही, पाच बैठकांत उपचार अपुरा ठरत नाही; फुप्फुसातील कर्करोगाची गाठ लहान असून लसिकाग्रंथींत पसरलेली नसेल, तर तोच अधिक परिणामकारक असतो. बेळगावातील रेडिएशन विभागात मी मात्रेच्या नियोजनाचे काम करतो, म्हणून हिशेबच मांडतो. जुन्या पद्धतीत ३० बैठकांत ६० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) दिले, तरी गाठीवरील जैविक परिणाम सुमारे ७२ ग्रेइतकाच होतो. ५ बैठकांत ५० ग्रे दिल्यास, दर बैठकीची मात्रा मोठी असल्याने, तो १०० होतो, आणि गाठ आटोक्यात राहण्यासाठी १०० किंवा त्याहून अधिक हवाच, असे आज मानतात. फुप्फुसाच्या कडेच्या गाठीला ३ बैठकांत ५४ ग्रेही देतात, मात्र ती बरगडीला चिकटून असेल तर मी पाचच सुचवेन. मुख्य श्वासनलिकेजवळच्या गाठीला तीन बैठकांची मात्रा धोक्याची असल्याचे २००६ मध्येच दिसून आले; तिथे ८ बैठकांत ६० ग्रे हा एक पर्याय असतो. तेव्हा सीटी स्कॅनवर गाठ श्वासनलिकेपासून किती सेंटिमीटरवर आहे आणि श्वासागणिक किती हलते, हे डॉक्टरांना अवश्य विचारा. बैठका बहुधा दिवसाआड असतात. खानापूरहून ये-जा करताना एकही चुकवू नका.